दुपारी चारच्या आत

३० जुलै १९६५. ५५ दिवस आधी.

मॉरिशसचे ब्रिटिश गव्हर्नर सर जॉन रेनी पोर्ट लुईसहून लंडनला कळवतात: इथल्या मंत्र्यांना चागोस बेटं तोडून देणं मान्य नाही. अमेरिकेला तळ हवा असेल तर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याला त्यांची तयारी आहे. मालकी मॉरिशसचीच राहील.

मॉरिशस अजून वसाहत आहे. त्याचे मंत्री निवडून आलेले आहेत, पण शेवटचा शब्द लंडनचा. १८१४ च्या पॅरिस तहात फ्रान्सकडून मॉरिशस ब्रिटनकडे आलं तेव्हा चागोसही सोबत आलं आणि तेव्हापासून त्याचा कारभार मॉरिशसमधूनच चालतो. मॉरिशसच्या ईशान्येला दोन हजार किलोमीटरहून दूर, हिंदी महासागराच्या मधोमध असलेली ही साठेक लहान बेटं. त्यांतलं सर्वांत मोठं दिएगो गार्सिया. मुंबई ज्या रेखांशावर आहे, जवळपास त्याच रेखांशावर सरळ दक्षिणेला गेलं की विषुववृत्त ओलांडून ते लागतं.

तिथे माणसं राहतात. फ्रेंचांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मोझांबिक आणि मादागास्करमधून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज, आणि नंतर भारतातून गेलेल्या काही मजुरांचेही. नारळ वेचायचे, सोलायचे, खोबरं वाळवायचं, जहाज आलं की भरून द्यायचं. घरात क्रिओल बोलायची. गावात चर्च, स्मशानभूमी, दारात कुत्री. बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या मध्यम खेड्याची असावी तेवढी ही सारी वस्ती: दीड ते दोन हजार.

गव्हर्नरांच्या तारेत या माणसांचं मत नाही. ते कुणी विचारलेलंच नाही.

१३ ऑगस्ट. ४१ दिवस आधी.

रेनी मंत्र्यांना निरोप देतात: अमेरिकेला भाडेपट्टा चालणार नाही.

कारण साधं आहे. आशिया-आफ्रिकेतल्या वसाहती एकामागून एक स्वतंत्र होत आहेत आणि नवं सरकार आलं की परक्या सैन्याचा तळ अडचणीत येतो. म्हणून अमेरिकन नौदलाला अशी बेटं हवी आहेत, जी कधीच स्वतंत्र होणार नाहीत. याबद्दल ब्रिटन आणि अमेरिकेची बोलणी फेब्रुवारी १९६४ पासून सुरू आहेत. दिएगो गार्सियाचं लगून खोल आहे, मोठी जहाजं आत घेईल असं. बेट धावपट्टीला पुरेल इतकं लांब आहे. राहता राहिला एकच अडथळा: मॉरिशस स्वतंत्र झालं तर बेटं त्याच्यासोबत जातील.

तेव्हा बेटं स्वातंत्र्याच्या आधीच बाजूला काढायची.

७ सप्टेंबर. १६ दिवस आधी.

लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये मॉरिशसची घटना परिषद सुरू होते. विषयपत्रिकेवर देशाचं भवितव्य आहे. मॉरिशसचे प्रीमियर सर शिवसागर रामगुलाम आणि त्यांच्या मजूर पक्षाला स्वातंत्र्य हवं आहे. स्वातंत्र्याला विरोध असलेल्या पार्ती मॉरिशियां या पक्षाला ब्रिटनशी संलग्न राहायचं आहे आणि तसा कौल जनतेकडून सार्वमताने घ्यायचा आहे. मे महिन्यात बेटावर जातीय दंगे झाले होते. आणीबाणी लावून एडनहून ब्रिटिश सैनिक आणावे लागले होते. रामगुलाम यांच्या पाठीमागे एकमुखी देश उभा नाही, हे यजमानांना पक्कं ठाऊक आहे.

चागोसचा विषय परिषदेत येत नाही. तो वेगळ्या, खासगी बैठकांत ठेवला आहे. ही पहिली छोटी व्यवस्था, आणि पुढचं सगळं तिच्यामुळे शक्य झालं. स्वातंत्र्य एका दालनात, बेटं दुसऱ्या दालनात; दोन्हीकडे माणसं तीच.

मॉरिशसची बाजूही अडचणीची आहे. देश उसावर उभा आहे. १८३४ नंतर गिरमिटाने गेलेल्या भारतीयांनी, त्यांत मुंबई बंदरातून गेलेल्या कोकणातल्या मराठी कुटुंबांनीही, ज्या मळ्यांत घाम गाळला त्या मळ्यांची साखर विकली गेली तरच घरं चालतात. अमेरिकेने साखर घ्यावी, गहू द्यावा, ही मंत्र्यांची मागणी आहे. गरजू माणूस वाटाघाटीला बसतो तेव्हा समोरच्याला त्याची गरज आधी दिसते.

२० सप्टेंबर. तीन दिवस आधी.

वसाहतमंत्री अँथनी ग्रीनवुड यांच्या अध्यक्षतेखाली संरक्षणविषयक खासगी बैठक. रामगुलाम पुन्हा सांगतात: बेटं तोडण्यात मॉरिशस सरकारला रस नाही, ९९ वर्षांचा भाडेपट्टा घ्या. मग ते दुसरा पर्याय ठेवतात: आधी आम्हाला स्वातंत्र्य द्या, मग स्वतंत्र मॉरिशस ब्रिटन आणि अमेरिकेशी बोलेल.

त्या सगळ्या आठवड्यांत टेबलावर आलेला हा सर्वांत न्याय्य प्रस्ताव होता. समोरासमोर बसलेली दोन राष्ट्रं, दोघांनाही ‘नाही’ म्हणण्याचा हक्क. तो स्वीकारला गेला नाही.

२२ सप्टेंबर. एक दिवस आधी.

पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन यांचे खासगी सचिव ऑलिव्हर राइट एक टिपण लिहितात. उद्या सकाळी दहाला रामगुलाम भेटायला येत आहेत. भेटीचा हेतू त्यांना आशा दाखवून घाबरवणं हा आहे: स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि चागोस तोडण्याबाबत शहाणपणाने वागले नाहीत तर ते मिळणार नाही ही भीती.

सोबतच्या कागदांत आणखी एक सूचना आहे. राणीच्या कौन्सिलचा हुकूम काढून मॉरिशसच्या संमतीशिवायही चागोस तोडण्याचा कायदेशीर अधिकार ब्रिटनला आहे, याचा पंतप्रधानांनी आडवळणाने उल्लेख करावा. मात्र तसं करणं हे गंभीर पाऊल ठरेल.

हा कागद पुढे अनेक वर्षांनी उघड झाला. तो वाचल्यावर दुसऱ्या दिवशीच्या सभ्य वाक्यांचा अर्थ लावायला दुसऱ्या कुणाची मदत लागत नाही.

२२ सप्टेंबर, रात्री ११:००, लंडन. भारतात २३ सप्टेंबरची पहाट, ३:३०.

भारत-पाकिस्तान युद्ध थांबतं. त्या दिवशी बुलढाण्यातल्या बीबीपासून दिल्लीपर्यंत माणसांच्या तोंडी विषय एकच आहे: युद्धबंदी. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांचं सारं लक्ष पश्चिम सीमेवर आहे. वसाहतवादाविरुद्ध जगाच्या व्यासपीठावर बोलणारा मोठा आवाज त्या दिवशी स्वतःच्या जखमा मोजत होता. हिंदी महासागरात काय ठरतंय, याकडे बघायला कुणाला उसंत नव्हती.

२३ सप्टेंबर, गुरुवार, सकाळी १०:००. सहा तास आधी.

१० डाउनिंग स्ट्रीट. रामगुलाम यांना पासष्ट वर्षं पूर्ण होऊन पाच दिवस झाले आहेत. ते डॉक्टर आहेत, शिक्षण याच शहरात झालेलं, तरुणपणीची बरीच वर्षं इथेच गेलेली. स्वातंत्र्याशिवाय परत गेले तर त्यांचं राजकारण बुडतं, आणि हे त्यांना जसं माहीत आहे तसं विल्सन यांनाही.

विल्सन सांगतात की, तात्त्विकदृष्ट्या अनेक शक्यता आहेत. प्रीमियर आणि त्यांचे सहकारी स्वातंत्र्य घेऊन परत जाऊ शकतात किंवा ते न घेता. दिएगो गार्सिया कौन्सिलच्या हुकुमाने वेगळं करता येईल किंवा त्यांच्या संमतीने. सर्वांत चांगला मार्ग म्हणजे स्वातंत्र्य आणि संमतीने विलगीकरण. अर्थात वसाहतमंत्र्यांना आपण या क्षणी बांधून घेऊ शकत नाही, असंही ते जोडतात.

आवाज चढलेला नाही. धमकी असं म्हणता येईल असा एकही शब्द नोंदीत नाही. चार शक्यता नुसत्या शेजारी शेजारी मांडल्या आहेत.

ब्रिटिश नोंदीनुसार रामगुलाम म्हणतात, दिएगो गार्सियाचा प्रश्न तपशिलाचा आहे, तत्त्वाची अडचण नाही.

तीन दिवसांपूर्वी अडचण तत्त्वाचीच होती.

सकाळी दहा ते दुपारी अडीच. मधले साडेचार तास.

या वेळेत दोन गोष्टी मॉरिशसच्या बाजूला उपयोगी पडल्या असत्या.

पहिली सर्वांसमोर होती. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा १४ डिसेंबर १९६० चा ठराव क्रमांक १५१४. त्याचा सहावा परिच्छेद सांगतो की, देशाची प्रादेशिक अखंडता अंशतः वा पूर्णतः मोडण्याचा प्रयत्न सनदेच्या विरुद्ध आहे. स्वातंत्र्य देताना वसाहतीचा तुकडा कापून ठेवणं यात थेट बसतं. पण परिषद लंडनमध्ये होती, आणि जो कापणार होता तोच अध्यक्ष होता.

दुसरी लपवलेली होती. बेटं वेगळी करण्याच्या खर्चातला अर्धा वाटा अमेरिका उचलणार होती, १ कोटी ४० लाख डॉलरपर्यंत. रोख रक्कम द्यायची नव्हती. पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या व्यवहारात ब्रिटनने द्यायच्या पैशांत तेवढी सूट मिळायची होती. मॉरिशसच्या मंत्र्यांना हे सांगितलं गेलं नाही. ब्रिटिश संसदेला आणि अमेरिकन काँग्रेसलाही नाही.

दुपारी २:३०. दीड तास आधी.

लँकेस्टर हाउस. ग्रीनवुड बैठक पुन्हा पुन्हा पुढे ढकलावी लागल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करतात. मग ते वेळेचं सांगतात: चागोसबद्दल काय ठरलं हे त्यांना दुपारी चार वाजता आपल्या सहकारी मंत्र्यांना कळवायचं आहे, म्हणून निर्णय याच बैठकीत व्हावा अशी त्यांची इच्छा आहे.

नव्वद मिनिटं. दीडशे वर्षं सोबत असलेला प्रदेश द्यायचा की नाही हे ठरवायला.

चारची वेळ ब्रिटनने ठरवलेली होती. ती पाच करता आली असती, उद्यावर नेता आली असती. ‘आम्हाला पोर्ट लुईसला विचारू द्या’ असं म्हणायलाही हरकत नव्हती. पण घड्याळ समोरच्याने लावलं की त्याच्याविरुद्ध बोलायला वेगळं धैर्य लागतं, आणि ज्याच्या हातात तुमचं स्वातंत्र्य आहे त्याच्यासमोर ते धैर्य महाग पडतं.

मॉरिशसतर्फे चार जण बसले आहेत: रामगुलाम, सुखदेव विष्णुदयाल, अब्दुल रझाक महंमद आणि मॉरिस पातुरो. गव्हर्नर रेनीही आहेत. चागोसचं कुणी नाही.

दिएगो गार्सियावर सूर्य मावळून वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. संपातीचा दिवस, म्हणून दिवस-रात्र सारखे.

अडीच ते चार.

बोलणी अटींवर येतात. नुकसानभरपाई ३० लाख पौंडांपर्यंत, मॉरिशस सरकारला. जमीनमालकांना वेगळी भरपाई, बेटांवरच्या माणसांना हलवण्याचा खर्चही वेगळा. संरक्षण करार. अंतर्गत सुरक्षेचा प्रश्न उद्भवल्यास सल्लामसलत. अमेरिकेकडे साखर आणि गव्हासाठी रदबदली. आणि बेटांची गरज संपली तर ती मॉरिशसला परत.

‘हलवण्याचा खर्च’ हा शब्दप्रयोग इथे येतो आणि पुढे सरकतो. माणसं हलवली जाणार, हे त्या खोलीत सर्वांना कळलेलं आहे. कुठे, कधी, त्यांच्या मर्जीने की मर्जीविरुद्ध, यावर अट नाही. पुढे जे घडलं त्याची दारं या एका वगळलेल्या अटीतून उघडली, असं मला वाटतं.

पातुरो यांना रक्कम अपुरी वाटते. ते सहमत होत नाहीत.

ग्रीनवुड विचारतात: रामगुलाम, विष्णुदयाल आणि महंमद या अटींवर विलगीकरणाला तयार आहेत, असं मी सहकाऱ्यांना सांगू का?

रामगुलाम उत्तर देतात: मला आणि या दोघांना तत्त्वतः मान्य आहे, पण इतर मंत्र्यांशी बोलायला आवडेल.

वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाची कुणी वाट पाहत नाही.

दुपारी ४:००.

ब्रिटिश मंत्रिमंडळाची संरक्षण व परराष्ट्र धोरण समिती बसते. मॉरिशसच्या मंत्र्यांची संमती मिळाली आहे.

२४ सप्टेंबर. परिषदेचा शेवटचा दिवस.

मॉरिशस स्वतंत्र होईल, असं ग्रीनवुड जाहीर करतात. चागोसचा उच्चार होत नाही.

१ ऑक्टोबर.

रामगुलाम वसाहत खात्याला हाताने लिहिलेली चिठ्ठी पाठवतात. २३ तारखेच्या नोंदीत काही मुद्दे घाला: मासेमारीचे हक्क, दिशादर्शन आणि हवामानाच्या सोयी, आणीबाणीत विमान उतरवणं, खनिज वा तेल सापडलं तर त्याचा लाभ मॉरिशसला. घाईत सुटलेलं ते आठवडाभराने गोळा करत आहेत. बेटांवरच्या माणसांबद्दल चिठ्ठीत काही नाही.

५ नोव्हेंबर.

मॉरिशसचं मंत्रिमंडळ विलगीकरणाला दुजोरा देतं. पार्ती मॉरिशियांचे मंत्री अटींना विरोध नोंदवतात आणि पुढे सरकारातून बाहेर पडतात.

८ नोव्हेंबर.

लंडनमध्ये कौन्सिलचा हुकूम निघतो. संसदेत चर्चा नाही, मतदान नाही. मॉरिशसपासून चागोस, सेशेल्सपासून अल्दाब्रा, फार्क्वार आणि देरोश: दोन वसाहतींतून कापलेले चार तुकडे जोडून एक नवी वसाहत तयार होते. नाव, ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश. आदल्या दिवशी नकाशावर हे नाव नव्हतं. जग वसाहती मोडत असताना ब्रिटनने ही नवी उभारली, आणि तिच्यात कायमचं कुणी राहत नाही असं दाखवायचं ठरलं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे पुरलेल्या माणसांचे वंशज कागदावर ‘कंत्राटी मजूर’ झाले, कारण कायमचे रहिवासी आहेत असं मान्य केलं की संयुक्त राष्ट्रांना उत्तर द्यावं लागतं.

१६ डिसेंबर.

आमसभा ठराव क्रमांक २०६६ संमत करते: मॉरिशसचे तुकडे पडतील असं काही ब्रिटनने करू नये. ३८ दिवस उशीर झालेला आहे.

२४ ऑगस्ट १९६६.

ब्रिटिश परराष्ट्र खात्यातले सर्वोच्च अधिकारी सर पॉल गोर-बूथ एका टिपणावर लिहितात की, याबाबत आपण कठोर राहिलं पाहिजे. उद्देश आपल्याच मालकीचे राहतील असे काही खडक मिळवण्याचा होता. तिथे समुद्रपक्ष्यांखेरीज मूळ रहिवासी नसतील. खाली त्याच खात्यातले डेनिस ग्रीनहिल भर घालतात: दुर्दैवाने पक्ष्यांसोबत काही टार्झन आणि मॅन फ्रायडेही आहेत, ज्यांचं मूळ अस्पष्ट आहे.

३० डिसेंबर १९६६.

ब्रिटन आणि अमेरिका पत्रांची देवाणघेवाण करतात. बेटं ५० वर्षांसाठी, पुढे २० वर्षं वाढवता येतील अशी.

१९६७.

ब्रिटन नारळाचे मळे ६ लाख ६० हजार पौंडांना विकत घेतं. आता बेटांवरचा मालक, सरकार आणि जहाजाचं वेळापत्रक ठरवणारा एकच आहे.

१२ मार्च १९६८.

मॉरिशस स्वतंत्र होतं. त्या काळात चागोसहून औषधपाण्याला, नातेवाइकांना भेटायला पोर्ट लुईसला आलेली कुटुंबं परतीचं जहाज विचारायला जातात. बेटं विकली गेली, आता जाता येणार नाही, असं त्यांना सांगितलं जातं. घरात भांडी, अंगणात कोंबड्या तशाच.

१९७१.

मार्चमध्ये अमेरिकन नौदलाची बांधकाम तुकडी दिएगो गार्सियावर उतरते. १६ एप्रिलला नव्या वसाहतीचा आयुक्त वटहुकूम काढतो: परवान्याशिवाय बेटावर येणं किंवा राहणं गुन्हा. ज्यांचे आजे-पणजे तिथे पुरले आहेत, त्यांनाही परवाना लागणार आणि तो मिळणार नाही. कुत्री मारण्याचा आदेश येतो. ती एका बंद शेडमध्ये कोंडून वायूने मारली जातात. माणसं अजून बेटावरच असतात.

मग ‘नॉर्डव्हेर’ जहाजाच्या फेऱ्या. प्रत्येकाला थोडंसं सामान. वर्षअखेरीपर्यंत दिएगो गार्सिया रिकामं होतं. काहींना पेरोस बन्होस आणि सालोमोन या चागोसच्याच दुसऱ्या बेटांवर नेलं जातं. १९७२ मध्ये सालोमोन रिकामं होतं. १९७३ मध्ये पेरोस बन्होस.

मॉरिशसला पुनर्वसनासाठी मिळालेली रक्कम ६ लाख ५० हजार पौंड. पोर्ट लुईसच्या झोपडपट्ट्यांत माणसं तोवर राहायला लागली होती. नारळ सोलणाऱ्या हातांना त्या शहरात काम नव्हतं.

चार तुकड्यांच्या त्या वसाहतीतले तीन, अल्दाब्रा, फार्क्वार आणि देरोश, १९७६ मध्ये सेशेल्सला परत मिळाले. ते रिकामे करून ठेवण्याइतके उपयोगाचे ठरले नव्हते.

२५ फेब्रुवारी २०१९.

हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय १३ विरुद्ध १ मतांनी सल्ला देतं: मॉरिशसचं निर्वसाहतीकरण कायद्याने पूर्ण झालेलं नाही. २३ सप्टेंबर १९६५ च्या संमतीला आंतरराष्ट्रीय करार म्हणता येत नाही, कारण एक पक्ष दुसऱ्याच्या सत्तेखाली होता. ते विलगीकरण लोकांच्या मुक्त आणि खऱ्या इच्छेवर आधारलेलं नव्हतं. त्या नव्वद मिनिटांचा निकाल लागायला ५३ वर्षं पाच महिने गेले.

२२ मे २०२५.

ब्रिटन आणि मॉरिशस करारावर सह्या करतात. चागोसचं सार्वभौमत्व मॉरिशसचं. दिएगो गार्सियाचा तळ ब्रिटनकडे, ९९ वर्षांसाठी, वार्षिक रक्कम देऊन. रेनी यांनी ३० जुलै १९६५ ला कळवलेला आकडा हाच होता. तो तेव्हा मान्य झाला असता तर तळही झाला असता आणि बेटं मॉरिशसचीच राहिली असती.

करारानुसार मॉरिशसला इतर बेटांवर माणसं वसवता येतील, दिएगो गार्सियावर येणार नाहीत. वाटाघाटी दोन सरकारांमध्ये झाल्या. चागोसवासीयांना त्यांत पक्षकार म्हणून जागा नव्हती.